आखातात निघालेल्यांना कंडोमचा धडा हवा की नको?

खाडीकाठ: आमच्या पट्ट्यातले निम्मे तरुण आखातात. जाण्याआधी मेडिकल. एचआयव्ही निघाला की शेरा 'अनफिट', विझा गेला. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी. पॉझिटिव्ह निघाला की माघारी पाठवणी. सहाही आखाती देशांत हाच प्रकार. रक्त दोनदा काढतात, पण हा आजार टळतो कसा, हे माझ्या माहितीतल्या एकालाही कुणी सांगितलेलं नाही. सरकारी प्रस्थानपूर्व प्रशिक्षणात यासाठी तासभर सक्तीचा ठेवा, निरोध कसा वापरायचा इथपासून.

मंडणगडी: साफ विरोध. माझा भाऊ कुवेतला ड्रायव्हर आहे. खोलीत आठ जण, बारा तास ड्युटी, उरलेल्या वेळात बायकोला व्हिडिओ कॉल. तुमचा वर्ग भरला की गावात कुजबुज सुरू, 'गल्फवाले असलेच'. शिवाय तिकडचे कायदे कडक, तुरुंगाची भीती पुरेशी आहे.

खाडीकाठ: भीतीने माणूस सुधारतो की लपवतो? शंका आली तरी तो तिकडे तपासायला जाणार नाही. रिपोर्ट वाईट आला तर नोकरी जाणार, एजंटसाठी काढलेलं कर्ज तसंच. तो गप्प राहणार आणि सुट्टीला घरी येणार.

समुपदेशक_ताई: मी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात काम करते. 'मॅडम, मी मेडिकल पास आहे' हे वाक्य इतकं ऐकलंय की आता तेच पहिलं खोडते. संसर्ग झाल्यावर चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात, कधी तीन महिने. तेव्हा कालचा पास आजचा पुरावा नाही, आणि दोन वर्षांपूर्वीचा तर नाहीच. जोखीम घडली तर 72 तासांच्या आत पीईपीच्या, म्हणजे लागण टाळणाऱ्या, गोळ्या सुरू करायच्या असतात, पुढे 28 दिवस. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. सुट्टीत आलात तर इथे तपासा, फुकट आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. औषधंही 2004 पासून मोफत. ती नियमित घेऊन विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

लालबावटा: सगळे पुरुषाच्या वागण्यावर घसरलात. कमी पगाराच्या कामगाराला तिकडे फॅमिली विझा मिळत नाही, हे मूळ. वर्षानुवर्षं नवरा-बायको वेगळे ठेवायचे आणि हातात निरोधचं पाकीट द्यायचं! यात मालकाचं काय जातं?

खाडीकाठ: फॅमिली विझा मिळेपर्यंत पाकीट तरी असू दे की.

मंडणगडी: ताई, तुमचं पटतं. पण वर्गात बाईने शिकवलं तर आमची पोरं माना खाली घालून बसतील. आणि घरी राहिलेल्या बायकांना कोण सांगणार? त्यांना तर कुठलंच प्रशिक्षण नाही.

समुपदेशक_ताई: वर्ग परत आलेल्या एखाद्या जुन्या फोरमनने घ्यावा, मी मागे बसेन. बायकांचं आशाताईंमार्फत करता येईल, फक्त सासू घरात नसताना. तोवर 1097 ही एड्स हेल्पलाइन लावा. फोन फुकट आहे, नाव विचारत नाहीत.

मंडणगडी: सक्तीला विरोध कायम. नंबर भावाला पाठवतो.