ठराव, सहल आणि ५३८

प्रेषक: बापू (न्यू जर्सी, सध्या मुक्काम राजारामपुरी, कोल्हापूर)
दिनांक: ११ जानेवारी २०२५
विषय: गुऱ्हाळावर अमेरिकेची निवडणूक

मंडळी, नमस्कार.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना एकदमच कळवतो. वॉकर धरून ती देवघरापर्यंत जाते आणि तिथनं मला हाका मारते, म्हणजे तब्येत ताळ्यावर आली.

लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा मामांच्या गावी गुऱ्हाळावर गेलो होतो. काहील उकळत होती, गुळव्या मळी काढत होता आणि चुलवाणाच्या उबेला आठदहा जण बसलेले. आमचे मामा गावच्या दूध संस्थेचे २२ वर्षं सचिव होते, त्यामुळं कुठल्याही निवडणुकीवर पहिला हक्क त्यांचा. मी टेकतोय तोवर प्रश्न आला:

"५ नोव्हेंबरला तुमचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प आला म्हणून टीव्हीवर गुलाल. मग आत्ता ६ जानेवारीला परत मोजलं कशाला? पहिल्यांदा मोजणारा हिशेबात कच्चा होता काय?"

मी म्हटलं, त्याचं काय आहे मामा, आमच्याकडं इलेक्टोरल कॉलेज असतं. कोपऱ्यातनं एका पोरानं विचारलं, "कुठल्या विद्यापीठाला जोडलंय?" झालं. पुढची पाच मिनिटं कुणी ऐकूनच घेईना.

मग काठीनं राखेत राज्यं काढली, आकडे घातले. मामा बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "आरं, हे तर ठराव हाय की."

पुण्यामुंबईच्या सभासदांसाठी थोडं सांगतो. आमच्या जिल्ह्यात दूध संघाचे संचालक निवडताना म्हशीवाला स्वतः मत टाकत नाही. तो असतो गावच्या दूध संस्थेचा सभासद. संस्था ठराव करून एक माणूस नेमते, तो ठरावधारक. संघाच्या मतदानाला जातो तो हा एकटा. त्यामुळं निवडणूक लागली की पुढारी म्हशीवाल्याचं दार वाजवत नाहीत, ठराव कुणाच्या नावानं झालाय ते आधी बघतात.

तर आपल्याकडं, म्हणजे तिकडं, असे ठरावधारक ५३८. प्रतिनिधी सभेच्या ४३५ जागा, सिनेटच्या १०० आणि राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीनं मिळालेले ३. ज्या राज्याचे सभेत जितके सदस्य, त्यात सिनेटचे दोन मिळवायचे, तेवढे त्याचे इलेक्टर. पेनसिल्व्हेनियाला १७ अधिक २, म्हणजे १९. निम्म्याच्या वर जायला २७० लागतात. नोव्हेंबरात आपण कागदावर ट्रम्प किंवा हॅरिस नावापुढं खूण करतो खरी, पण निवडतो ती त्या पक्षानं त्या राज्यात आधीच देऊन ठेवलेली इलेक्टरांची यादी. हे लोक देशभरातनं एका जागी कधीच जमत नाहीत. आपापल्या राज्यात बसून मत देतात, यंदा (म्हणजे सरत्या वर्षी) १७ डिसेंबरला दिलं. सह्याशिक्क्याचे कागद वॉशिंग्टनला जातात आणि ६ जानेवारीला काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांसमोर ते मोजतात. मामांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: नोव्हेंबरात माणसं मोजली, जानेवारीत ठराव मोजले.

मोजणीला अध्यक्ष असतो उपराष्ट्राध्यक्ष. म्हणजे परवा ३१२ विरुद्ध २२६ हा आकडा जाहीर केला तो कमला हॅरिसनी. स्वतःच पडल्याचं स्वतः वाचून दाखवायचं. हे सांगितल्यावर चुलवाणाजवळ जरा शांतता झाली. "बाई धीराची," मामा म्हणाले. चार वर्षांपूर्वी याच मोजणीच्या दिवशी संसदेत जमाव घुसला होता, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं, त्यामुळं त्या तारखेचं वजन वेगळं सांगावं लागलं नाही.

अडलं ते पुढं. पेनसिल्व्हेनियात ७० लाख मतं पडली, ट्रम्पना आघाडी मिळाली सव्वा लाखाच्या आतली, आणि १९ च्या १९ इलेक्टर त्यांचे. मामांना हे काही केल्या पटेना. "दहा त्याला, नऊ तिला द्या. एवढी साधी वाटणी येत न्हाय तुमास्नी?"

कुणी नीट समजावू शकेल का? मी उद्या परत जाणार आहे, काकवी घ्यायला.

आपला,
बापू

———

प्रेषक: अण्णा (सॅन होजे)
दिनांक: ११ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: गुऱ्हाळावर अमेरिकेची निवडणूक

बापू,

मामांना माझा दंडवत सांग. त्यांना जे दहा मिनिटांत खुपलं ते इथं लोकांना सव्वादोनशे वर्षं खुपतंय.

वाटणी करू नका असं राज्यघटनेत कुठंही लिहिलेलं नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते घटनेनं प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय. सुरुवातीच्या काळात कितीतरी राज्यांत विधिमंडळच परस्पर इलेक्टर नेमायचं, जनतेला विचारायचंच नाही. मग राज्यांच्या लक्षात आलं की सगळी मतं एकगठ्ठा दिली तर आपलं वजन वाढतं. शेजारच्यानं गठ्ठा बांधला की आपण सुटी मोड घेऊन कुठं बसणार? आज ४८ राज्यं गठ्ठ्यानं देतात.

आता माझं रडगाणं. कॅलिफोर्नियाला ५४ इलेक्टर, वायोमिंगला ३. लोकसंख्येनं भागून बघ. वायोमिंगात एका इलेक्टरमागं दोन लाखही माणसं नाहीत, माझ्याकडं सात लाखांवर. सिनेटच्या त्या सरसकट दोन जागांनी हा घोळ केलाय. शिवाय ट्रम्पना या राज्यात ६० लाखांवर मतं पडली आणि इलेक्टर मिळाला शून्य. मी त्यांचा मतदार नाही, पण ६० लाख म्हणजे गंमत नव्हे.

आणि ही सगळी रचना फार उदात्त विचारानं झाली असं कुणी सांगत असेल तर त्यालाही थांबव. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिताना दक्षिणेतल्या राज्यांत गुलाम खूप, त्यांना मत नाही. थेट मतदान झालं असतं तर दक्षिण मागं पडली असती. प्रतिनिधी सभेच्या जागा ठरवताना मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब आधीच मान्य झाला होता. इलेक्टर त्याच जागांना बांधले, की मत न देणाऱ्या गुलामांचं वजन मालकाच्या पारड्यात. एवढंच कारण होतं असं नाही, मोठ्या देशात लांबचा उमेदवार लोकांना ठाऊक कसा होणार हीही शंका होती. पण हे कारण शाळेच्या पुस्तकात बारीक अक्षरात असतं.

अण्णा

———

प्रेषक: कार्यवाह
दिनांक: ११ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: गुऱ्हाळावर अमेरिकेची निवडणूक

सर्वांस सूचना: ही ईमेल लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. पद्धतीवर बोला, कुणाला मत दिलं किंवा दिलं नाही ते नको. (अण्णा, वाचताय ना?) तिळगूळ समारंभाला येणाऱ्यांनी सोमवारपर्यंत नावं द्यावीत. गेल्या वर्षी ४० नावं आली आणि ९० माणसं जेवली.

———

प्रेषक: माई (ओमाहा)
दिनांक: १२ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: उत्तर: गुऱ्हाळावर अमेरिकेची निवडणूक

बापू, आईला जपून चालायला सांग हो. जिना आठ दिवस नको.

अण्णा ४८ म्हणाले, उरलेल्या दोनांतलं एक आमचं. मामांना हवी तशी वाटणी नेब्रास्का आणि मेन करतात. आमचे इलेक्टर ५. राज्यभर जो पुढं त्याला २, आणि तीन मतदारसंघांत जो जिथं पुढं तिथला १. राज्य रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्पच्या पक्षाचं, पण आमचा ओमाहाचा मतदारसंघ यंदा हॅरिसकडं गेला. २०२० साली बायडनकडं, २००८ साली ओबामांकडं. मेनमध्ये उलट: राज्य डेमोक्रॅट, आणि एक मतदारसंघ ट्रम्पना.

या एका मतासाठी इथं काय चाललं होतं म्हणून सांगू! शेजारच्या अंगणात पांढऱ्या पाटीवर नुसता निळा ठिपका, निळा म्हणजे डेमोक्रॅटांचा रंग. ना नाव, ना घोषणा. पहिल्यांदा मला वाटलं रंगकाम काढलंय.

मामांना मात्र एक सांग. वाटणी झाली की सगळं न्यायाचं होतं असं नाही. मतदारसंघांच्या रेषा आखणारा कोण, तिथं पुन्हा राजकारण.

माई

———

प्रेषक: दाजी (पिट्सबर्ग)
दिनांक: १२ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: उत्तर: गुऱ्हाळावर अमेरिकेची निवडणूक

आमच्या पेनसिल्व्हेनियाचं नाव निघालंय तर बोलतो. ऑक्टोबरात दाराची बेल, पत्रपेटी, फोन, सगळं गच्च. न्यू जर्सीत बापूला यातलं काही दिसलं नसणार, त्याचे १४ इलेक्टर कुठं जाणार ते कुत्र्यामांजरालाही ठाऊक.

ट्रम्पना देशात हॅरिसपेक्षा सुमारे २३ लाख मतं जास्त. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या तिघांतली त्यांची आघाडी एकत्र केली तर सुमारे २ लाख ३० हजार. ही तिन्ही राज्यं उलटी गेली असती तर २२६ अधिक १९, १५ आणि १० म्हणजे नेमके २७०. देशात मागं राहूनही हॅरिस आल्या असत्या. २००० साली बुश आणि २०१६ साली ट्रम्प तसेच आले. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांनी निकाल लागला. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या निवडणुकीत याहून जास्त फरक असतो.

दुसरी गोष्ट भारतातल्या लोकांना खरी वाटत नाही. इथं दिल्लीसारखा देशाचा निवडणूक आयोग मतदान घेत नाही. राज्य आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) घेतात, कागद वेगळे, मुदती वेगळ्या. रात्री विजेता सांगतात ते टीव्हीवाले. अधिकृत काही नसतं.

———

प्रेषक: कार्यवाह
दिनांक: १२ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: उत्तर: गुऱ्हाळावर अमेरिकेची निवडणूक

राहवत नाही म्हणून लिहितो. तुम्ही सगळे असं बोलताय की जणू आपल्याकडं, म्हणजे भारतात, राष्ट्रपती थेट निवडून येतात. आपलाही ठरावच आहे, आणि हिशेब तर याहून किचकट.

राष्ट्रपतीला मत देतात निवडून आलेले आमदार आणि खासदार. विधान परिषदेवाल्यांना मत नाही, नेमलेल्या खासदारांनाही नाही. आमदाराच्या मताचं मूल्य काढताना राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदार, भागिले १०००. महाराष्ट्राचे ५ कोटी ४ लाख भागिले २८८, भागिले १०००, म्हणजे १७५. उत्तर प्रदेशाचा आमदार २०८, सिक्कीमचा ७. बापू, तुझ्या जिल्ह्यात आमदार १०, म्हणजे कोल्हापूरचं वजन १७५०. खासदाराचं मूल्य २०२२ साली ७०० होतं.

आणि १९७१ च का? लोकसंख्या आटोक्यात ठेवलेल्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून आकडा गोठवला. अमेरिकेत उलट: दर १० वर्षांच्या जनगणनेनंतर इलेक्टर नव्यानं वाटतात. गेल्या खेपेला अण्णांच्या कॅलिफोर्नियाचा एक गेला, टेक्ससचे दोन वाढले.

फरक मोठा एवढाच, की आपला राष्ट्रपती राज्य चालवत नाही. आणि अमेरिकेत खासदाराला इलेक्टर होता येत नाही, आपल्याकडं आमदार-खासदारच इलेक्टर.

नावं फक्त ११ आली आहेत.

———

प्रेषक: बापू
दिनांक: १३ जानेवारी २०२५
विषय: मामांचा जबाब

मंडळी,

तुमच्या सगळ्या मेल मी काल गुऱ्हाळावर वाचून दाखवल्या. माईंच्या निळ्या ठिपक्याला टाळी पडली. कार्यवाहांचे १७५० ऐकून मामांनी लगेच तालुक्यातल्या आमदाराची किंमत गावातल्या माणसांत भागायला घेतली, तो हिशेब अजून चालू आहे.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कोल्हापूरकरच विचारू शकतो.

"ते सगळं खरं. पण नोव्हेंबर ते डिसेंबर ह्या ५३८ जणांस्नी ठेवतात कुठं?"

मी म्हटलं, घरी. कुणाला खरं वाटेना. आमच्याकडं मतदानाआधी ठरावधारकांची सहल निघते, फोन बंद, गाडी थेट कोकणात, आणि मतदानाच्या सकाळी केंद्राच्या दारात उतरवतात. सहा आठवडे ठराव मोकळा सोडणारा पुढारी त्यांच्या दृष्टीनं येडा.

फुटतात का, तर फुटतात. २०१६ साली ७ जणांनी आपल्या पक्षाचा उमेदवार सोडून भलत्याच नावाला मत दिलं. त्यातल्या वॉशिंग्टन राज्यातल्यांना हजार हजार डॉलर दंड झाला. ते वरच्या कोर्टापर्यंत गेले, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की राज्य इलेक्टरला बांधून घेऊ शकतं. सगळ्या राज्यांनी मात्र तसा कायदा केलेला नाही. इलेक्टर सहसा पक्षात मुरलेली माणसं असतात, म्हणून सहलीची गरज पडत नाही.

"आमच्यात बी मुरलेलीच जास्त फुटतात," मामा म्हणाले. मग १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीची आठवण निघाली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि इंदिराबाईंनी सदसद्विवेकानं मत द्या म्हणून सांगितलं. अपक्ष उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी आले, तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर. मामा तेव्हा शाळेत होते, पण सांगताना असं सांगतात की जणू मतपत्रिका त्यांनीच उलगडल्या.

उठता उठता शेवटचा प्रश्न: ५३८ ही समसंख्या. २६९-२६९ झाले तर?

मी सांगितलं, मग निवड प्रतिनिधी सभेकडं जाते. पण तिथं सदस्यागणिक मत नाही. प्रत्येक राज्याचे सदस्य आपसात बसून एक मत ठरवतात. राज्यं ५०, जिंकायला २६. तिथं कॅलिफोर्नियाचं एक आणि वायोमिंगचंही एकच. उपराष्ट्राध्यक्ष सिनेट निवडतं.

मामांनी टोपी काढून झटकली, परत घातली.

"म्हंजे संस्था पन्नास लिटर घालू दे न्हाईतर पाच हजार, ठराव एकच. तेच की रं. अण्णास्नी सांग, मोठ्या संस्थेवाल्यानं रडायचं नसतंय."

अण्णा, निरोप पोचवला. माझी बॅग २३ किलोची आहे आणि त्यात आईनं आधीच चटणी भरली आहे, तेव्हा गुळाचा एक किलोचा रवा हवा असेल त्यांनीच कळवा, जास्तीत जास्त सहा जण. कार्यवाह, तिळगुळाला माझं नाव धरू नका, मी २५ तारखेला परततोय.

बापू