पार्टी प्लॉटच्या हिरवळीवर कोणती हील घालू?

नवरी_बडोद्याची
माझं लग्न मार्गशीर्षात, इथे बडोद्यातच. सकाळचे विधी हॉलमध्ये, पण रिसेप्शन पार्टी प्लॉटवर, म्हणजे थेट हिरवळीवर. मी जेमतेम पाच फूट, तो पावणेसहा. मंगळबाजारात सोनेरी पेन्सिल हीलची जोडी बघून ठेवलीय, मनात भरलीय. आई म्हणते सपाटच घाल. पैठणीवर तीन तास उभं राहायचंय. काय करू?

रावपुऱ्याची_काकू
अगं, पेन्सिल हील हिरवळीवर अजिबात नको. रावपुऱ्यात चपलांच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरला होते, लग्नसराईत रोज हेच सांगायचे. नणंदेच्या रिसेप्शनला माझीच टाच पाणी मारलेल्या मातीत रुतली. पाय पुढे, सँडल मागे. घोटा पंधरा दिवस सुजलेला होता. त्या हीलच्या आत पोलादी कांडी असते, म्हणून ती मोडत नाही, पण टोक नखाएवढं! सगळा भार तेवढ्यावर येतो.

तू वेज हील घे, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंत सलग जाड तळ असलेली. १९३० च्या दशकात इटलीत फेरागामो नावाच्या चपला-बूट बनवणाऱ्याने बुचाची वेज केली, कारण तळव्याखाली घालायला चांगलं पोलाद मिळेनासं झालं होतं. टाच आणि चवडा यांच्यामध्ये पोकळीच ठेवली नाही, म्हणून पाय सगळीकडे टेकतो आणि मातीत रुतत नाही.

उंची हवी तर पुढेही जाड तळ असलेली बघ. मागे तीन इंच, पुढे एक, म्हणजे पायाला उतार दोनच इंचांचा. चवड्यावर भार कमी येतो.

खरेदीला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जोडी काउंटरच्या काचेवर ठेव आणि वाकून बघ. टाचेखालची टोपी पूर्ण टेकली पाहिजे. मागची कड उचललेली दिसली, तर ती जोडी परत दे, कितीही सुंदर असो.

सुरसागर_काठ
पेन्सिल हीलला खाली लावायच्या प्लास्टिकच्या रुंद टोप्या मिळतात. त्या लावल्या तर?

रावपुऱ्याची_काकू
सुकी हिरवळ असेल तर चालतील. पण पार्टी प्लॉटवाले दुपारी पाणी मारतात, आणि नवरीने दर पावलाला खाली बघत चालायचं का?

आणि नवरीबाई, निऱ्या खोचायच्या आधी सँडल पायात घाल. नाहीतर पैठणीचा काठ वर जाईल आणि घोटे दिसतील.

नवरी_बडोद्याची
काकू, काल सात वाजता आईला घेऊन गेले. सोनेरीच वेज मिळाली, अडीच इंचांची. पहिल्या जोडीची डावी टोपी खरंच मागून उचललेली होती, ती परत दिली. आता घरी रोज अर्धा तास घालून चालतेय.

रावपुऱ्याची_काकू
मोजे घालून चाल गं, करंगळीपाशी लवकर सैल होईल.