आईची दाढ काढायची आहे: पीआरएफ, हाडाची भर आणि ठिसूळ हाडांची गोळी यांवरील संशोधन समजून घेण्यासाठी मदत हवी आहे

धागालेखक: पोफळी, फोंडा

नमस्कार.

माझी आई ६८ वर्षांची आहे. तिच्या खालच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या एका दाढेचे पूर्वी रूट कॅनाल झालेले होते. ती दाढ आता मुळापर्यंत उभी चिरली असून वाचवता येणार नाही, याबाबत आम्ही दाखवलेल्या दोन्ही दंतवैद्यांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढे काय करायचे याविषयी. पहिल्यांनी असे सुचवले की, दाढ काढताच तिच्या खोबणीत आईच्याच रक्तापासून केलेले पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) आणि हाडाची भुकटी भरावी, वरून पातळ पडदा लावावा आणि काही महिन्यांनी तेथे इम्प्लांट (हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) बसवावे. आई ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम अलेंड्रोनेटची गोळी घेते हे कळताच दुसऱ्यांनी हात आखडता घेतला आणि बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात दाखवून मगच पुढे जावे, असा सल्ला दिला. गोळी सुरू होऊन चार वर्षे उलटली असून पाचवे सरत आले आहे. मधुमेह आहे, परंतु एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) सातच्या आत असते. स्टेरॉइड कधी घेतलेले नाही, तंबाखूचे व्यसन नाही.

बांबोळीला आम्ही जाणारच आहोत, त्यामुळे उपचार येथे ठरवून घेण्याचा माझा हेतू नाही. मी उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. शोधनिबंध वाचायची धास्ती वाटत नाही, पण या विषयातील निबंध वाचताना प्रत्येकजण वेगळीच गोष्ट मोजतो आहे असे वाटू लागले, आणि तेथेच माझी गाडी अडली आहे. आतापर्यंत जे समजले ते मांडतो. चुकत असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

दात काढल्यावर खोबणीत रक्ताची गुठळी होते, आठवडाभरात तिची जागा नव्या रक्तवाहिन्यांनी भरलेले कोवळे ऊतक घेऊ लागते, पुढील काही आठवड्यांत त्यात कच्चे, विस्कळीत धाग्यांचे हाड धरते आणि ते पक्के होण्यास कित्येक महिने जातात. म्हणजे खोबण आपली आपण भरते. मात्र भरता भरता जबड्याची कड त्या जागी आक्रसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या श्रोप व सहकाऱ्यांच्या अभ्यासात ४६ रुग्णांच्या दाढा व उपदाढा काढल्यानंतर वर्षभरात कडेची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटली आणि त्यातील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. त्याचे कारण आराउजो आणि लिंडे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले: खोबणीच्या भिंतीचा आतला थर दाताच्या आधारानेच जगतो, दात गेला की तो विरघळतो, आणि गालाकडची भिंत मुळातच पातळ असल्याने ती सर्वाधिक खचते. हाडाची भुकटी भरण्यामागचा विचार हा आहे. ती खोबण लवकर भरावी म्हणून नसून कड खचू नये म्हणून घालतात, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

पीआरएफचा मार्ग वेगळा दिसतो. फ्रान्समधील जोसेफ शुकरून यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेल्या या पद्धतीत रक्त न गोठण्याचे कोणतेही रसायन न घालता नळीत घेतात आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तळाशी तांबड्या पेशी, वर फिकट द्रव आणि मधे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, लुसलुशीत गोळा असे तीन थर होतात. त्या मधल्या गोळ्यात बिंबिका (प्लेटलेट) व पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात आणि त्यांतून वाढ-घटक काही दिवस हळूहळू झिरपत राहतात. कल्पना सुंदर आहे. पण मी वाचलेल्या चाचण्यांपैकी बऱ्याचशा अक्कलदाढांच्या आहेत: तरुण रुग्ण, दोन्ही बाजूंच्या दाढा काढायच्या, एका बाजूला पीआरएफ घालायचे आणि दुसरी बाजू तशीच ठेवायची. तुलना नीटस आहे, कारण माणूस तोच राहतो. परंतु विशीतल्या निरोगी मुलाच्या जबड्यावरून माझ्या आईच्या जबड्याविषयी काय अनुमान काढावे? त्यातच अनेक चाचण्यांत अलेंड्रोनेटसारखी औषधे घेणारे रुग्ण आधीच वगळलेले असतात. ज्या गटाविषयी आम्हाला विचारायचे आहे, नेमका तोच गट पुराव्यात नाही.

आता गोळीविषयी. जबड्याचे हाड उघडे पडून मरण्याचा विकार या औषधांशी प्रथम २००३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जोडला. जबड्याला किरणोपचार झालेले नसताना, अशी औषधे घेणाऱ्या रुग्णाचे हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहिले तर हे निदान करतात. औषध हाड कुरतडणाऱ्या पेशींना रोखते, म्हणून मणका व खुबा वाचतो. पण खोबण भरताना जुने हाड कुरतडले जाणेही आवश्यक असते, आणि अडचण येथे येते. कर्करोगासाठी शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्या जाणाऱ्या औषधांत हा धोका पुष्कळ अधिक असतो, तर ठिसूळ हाडांच्या गोळीत तो अत्यल्प. पण ‘अत्यल्प’ ऐकून आईचे समाधान होते, माझे होत नाही.

एक घरगुती अडचणही सांगून ठेवतो. हाडाची भुकटी म्हणून जे सर्वाधिक अभ्यासलेले द्रव्य आहे ते गाईच्या हाडापासून बनते आणि वरचा पडदा बहुधा डुकराच्या कोलॅजनचा असतो, हे मला वाचूनच कळले. सुचवणाऱ्यांनी त्याचा उल्लेख केला नव्हता. आई सोवळ्याओवळ्याचे स्तोम माजवणारी नाही, आमच्या घरी मासळीही असते, पण गाईचे हाड तोंडात कायमचे बसवून घ्यायला ती तयार होणार नाही आणि तिच्यापासून हे लपवणे मला मान्य नाही.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. पीआरएफमुळे नक्की काय सुधारते, हाड की वेदना की हिरडी? गोळी घेणाऱ्यांमध्ये त्याने जबड्याचा विकार टळतो असे कोणी दाखवले आहे का? काही दिवस गोळी बंद ठेवण्याचा उपयोग होतो का? एका परिचितांनी रक्तातील सीटीएक्स (हाडाची झीज दाखवणारा घटक) तपासून धोका कळतो असे सांगितले, त्यात किती तथ्य आहे? आणि प्राणिज द्रव्य नको असेल तर पर्याय कोणते?

खाडीकाठ यांचा प्रतिसाद

मी मुखशल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. रुग्णाला न तपासता लिहीत असल्यामुळे संशोधनापुरतेच बोलतो.

भुकटीबाबत आपले आकलन बरोबर आहे. खोबणीत भर घातल्याने, न घातलेल्या खोबणीच्या तुलनेत, सरासरी एक ते दोन मिलिमीटर कड वाचते असे एकत्रित विश्लेषणे सांगतात. समोरच्या दातांत, जेथे हसताना हिरडी दिसते, तेथे मिलिमीटरभरही मोलाचा ठरतो. खालच्या दाढेत कड मुळात रुंद असल्याने त्याचे महत्त्व पुष्कळ कमी होते. इम्प्लांट करायचेच नसेल तर भर घालण्याचे कारण बहुतांशी उरत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न ‘पीआरएफ घालावे का’ हा नसून ‘त्या जागी इम्प्लांट हवे आहे का’ हा आहे. घासाला बाकीच्या दाढा पुरत असतील तर रिकामी जागा तशीच ठेवणे हादेखील मान्य उपचार आहे, फक्त तो कोणी आवर्जून सुचवत नाही.

पीआरएफचा सर्वांत भक्कम पुरावा पहिल्या काही दिवसांच्या वेदनेविषयी, ड्राय सॉकेट (खोबणीतील गुठळी निघून हाड उघडे पडणे) टाळण्याविषयी आणि हिरडी लवकर मिटण्याविषयी आहे. हाडाविषयी निष्कर्ष एकमुखी नाहीत. येथे मोजण्याची पद्धत पाहावी. साध्या क्ष-किरण चित्रातील करडेपणा मोजून ‘हाडाची घनता वाढली’ असे लिहिणारे निबंध पुष्कळ आहेत; पण चित्रात पांढरे दिसणारे सगळे जिवंत हाड नसते, आणि भुकटी घातली असेल तर भुकटीचे कणही पांढरेच दिसतात. इम्प्लांट बसवताना त्या जागेचा बारीक गाभा काढून सूक्ष्मदर्शकाखाली नवे हाड, उरलेले कण आणि मऊ ऊतक यांचे प्रमाण मोजणारा अभ्यास अधिक विश्वासार्ह असतो. शिवाय प्रत्येक गटाचा सेंट्रिफ्यूज, फिरवण्याचा वेग आणि वेळ निराळी असल्यामुळे दोन निबंधांतील ‘पीआरएफ’ ही एकच वस्तू आहे असे धरून चालता येत नाही.

आता जबड्याच्या विकाराविषयी. अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२२ मध्ये अद्ययावत केलेल्या भूमिकापत्रात ठिसूळ हाडांसाठी तोंडावाटे ही औषधे घेणाऱ्यांतील धोका ०.०५ टक्के किंवा त्याहून कमी दिला आहे, म्हणजे दहा हजारांत पाच. दात काढल्यानंतरचा धोकाही ०.१५ टक्क्यांच्या आत दिला आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर याच आकड्यात दडलेले आहे. दहा हजारांत पंधरा जणांना होणारी गोष्ट पीआरएफने निम्मी झाली हे सिद्ध करायचे तर दोन्ही गटांत हजारो रुग्ण हवेत. पन्नास-साठ रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही बाजूंना शून्य येईल आणि त्या शून्याचा अर्थ काहीच निघणार नाही. म्हणून ‘आमच्या एकाही रुग्णाला विकार झाला नाही’ या वाक्यावर कोणी पीआरएफची थोरवी सांगू लागले, तर प्रथम रुग्णसंख्या विचारावी.

सीटीएक्सची चाचणी मार्क्स यांनीच २००७ मध्ये सुचवली होती. पुढील अभ्यासांत तिच्या आकड्यावरून कोणाला विकार होईल हे सांगता आले नाही, त्यामुळे तिच्यावर निर्णय बेतू नये.

स्कॉटलंडच्या २०१७ च्या दंत-मार्गदर्शिकेत पाच वर्षांपेक्षा कमी काळ गोळी घेणारे आणि स्टेरॉइड न घेणारे रुग्ण कमी जोखमीचे मानले आहेत. पाच वर्षे ओलांडली की वरचा गट लागतो. आपण आज त्या रेषेच्या अलीकडे आहात. रेषा ओलांडताच काही आभाळ कोसळत नाही, पण चिरलेल्या मुळाशी जंतुसंसर्ग साठू देणे हाही हाडावरचा आघातच आहे. काढायचीच असलेली दाढ रेंगाळत ठेवण्यात मला लाभ दिसत नाही.

मांडवीतीर यांचा प्रतिसाद

गोळी बंद करण्याविषयी थोडे. मी हाडांच्या विकारांच्या विभागात काम करते. अलेंड्रोनेट हाडात वर्षानुवर्षे साठून राहते, त्यामुळे काही आठवड्यांच्या खंडाने जबड्यातील साठा फारसा बदलत नाही. औषधाला सुट्टी द्यावी की नाही यावर २०२२ च्या त्याच भूमिकापत्रातही तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. मात्र पाच वर्षे पूर्ण होत असताना गोळी पुढे चालू ठेवावी का, याचा फेरविचार तसाही करतात. तो गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी मणका व खुब्याची स्थिती पाहून करायचा असतो. आपण परस्पर बंद करू नये.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा: ठिसूळ हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन ज्यांना चालू आहे त्यांनी दातांसाठी ते लांबवू नये. त्याचा परिणाम ओसरताच हाडाची झीज उसळी घेते आणि मणके मोडल्याची उदाहरणे नोंदवलेली आहेत.

खाडीकाठ यांचा प्रतिसाद

द्रव्याचा मुद्दा राहिला होता. पूर्णतः कृत्रिम पर्याय आहेत: बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीअपटाइट किंवा दोहोंचे मिश्रण. पहिले काही महिन्यांत विरघळत जाते, दुसरे दीर्घकाळ टिकते, म्हणून मिश्रण वापरतात. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना यातील विद्राव्यतेचा खेळ अधिक सांगायला नको. पडद्यासाठीही कृत्रिम बहुवारिके (पॉलिमर) मिळतात. मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले हाड ऊतिपेढ्यांतून मिळते, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी पेढी आहे. रुग्णाचे स्वतःचे हाड जबड्याच्या मागील भागातून घेता येते, पण आपल्या आईंच्या बाबतीत त्यासाठी दुसरी जखम करणे मला अनाठायी वाटते. द्रव्य कोणत्या प्राण्याचे आहे हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी वेष्टनच मागून पाहावे.

धागालेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘इम्प्लांट हवे आहे का’ हा प्रश्न आम्ही आईला विचारलाच नव्हता. विचारल्यावर तिने सांगितले की डाव्या बाजूने तिचे व्यवस्थित चालते आणि नवी दाढ बसवून घेण्याची तिला मुळीच हौस नाही. त्यामुळे भुकटी आणि पडदा यांचा विषय मिटला. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि दंत महाविद्यालय बांबोळीला जवळजवळच असल्याने गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे मत त्याच फेरीत घेता येईल.

आता एकच शंका उरते. भर न घालता, शक्य तितक्या हळुवारपणे दाढ काढून हिरडी टाक्यांनी जुळवली, तर नंतर कोणत्या गोष्टीवर आणि किती काळ लक्ष ठेवावे?

खाडीकाठ यांचा प्रतिसाद

काढण्यापूर्वी बाकीचे दात साफ करून घ्यावेत; क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या आधी आणि नंतर किती दिवस करायच्या ते तेथील डॉक्टर सांगतील. रक्तशर्करेचा अलीकडचा अहवाल सोबत न्यावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना कमी होण्याऐवजी वाढून कानापर्यंत जाऊ लागल्या तर ते ड्राय सॉकेट असू शकते. ते त्रासदायक असले तरी बरे होते आणि त्याचा गोळीच्या विकाराशी गोंधळ करू नये. पू येणे, खालचा ओठ बधिर होणे किंवा जिभेला खरखरीत हाड लागणे यांपैकी काही जाणवल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. सर्व सुरळीत वाटले तरी आठ आठवड्यांनी एकदा दाखवावे आणि हिरडीने हाड पूर्ण झाकले आहे हे डॉक्टरांकडून केसपेपरवर नोंदवून घ्यावे.