माळ्यावर सापडलेलं इंग्रजी व्यंगचित्र: हे नेमकं काय आहे?

हर्णैची_लेक:
नमस्कार मंडळी. घर शाकारायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक चौकट मिळाली. पणजोबा मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यांनीच आणली असणार. चित्रात दोघं साहेब टेबलाशी बसून वाफाळणारा मोठा गोळा कापताहेत. डावीकडचा किडकिडीत, उजवीकडचा बुटका, डोक्यावर पिसांची भलीमोठी टोपी. आई म्हणाली, फणस फोडतायत वाटतं. खाली १८०५ एवढं वाचता येतं. एका कडेला कसर लागली आहे. विकायचं नाहीये. अस्सल आहे का आणि टिकवायचं कसं, एवढं सांगा.

चित्रकलेचे_मास्तर_चिपळूण:
ताई, तो पृथ्वीचा गोळा आहे, पुडिंगसारखा ताटात वाढलेला. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं हे चित्र लंडनला २६ फेब्रुवारी १८०५ रोजी प्रसिद्ध झालं. किडकिडीत तो इंग्लंडचा पंतप्रधान पिट, बुटका नेपोलियन. नेपोलियन तलवारीने युरोपचा लचका तोडतोय, पिट शांतपणे अख्खा अटलांटिक कापून घेतोय. पिटचा काटा नीट बघा, तो त्रिशूळ आहे, रोमन समुद्रदेव नेपच्यूनच्या हातातला असतो तसा. समुद्रावर सत्ता कोणाची, ते त्यात आलं. हर्णैच्या माणसांना हे समजावायला नको; १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने तुमच्या सुवर्णदुर्गावर समुद्रातूनच तोफा डागल्या होत्या.

मला या चित्राचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटतं. लढाई चालू, नेपोलियन चढाई करणार म्हणून इंग्लंड धास्तावलेलं, गिलरेला १७९७ पासून पिटच्याच सरकारकडून मानधन मिळालेलं. तरी त्याने आपल्या पंतप्रधानाला शत्रूइतकंच हावरट काढलं! वर्गात मुलांना मी हे दरवर्षी दाखवायचो.

आता अस्सलपणा. गिलरे तांब्याच्या पत्र्यावर उलटं चित्र कोरायचा, अ‍ॅसिडने रेघा खोल व्हायच्या, छापल्यावर रंग हाताने भरले जायचे. हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानात ते विकायला असत आणि तो वरच्याच मजल्यावर राहायचा. विकत घेणं सगळ्यांना परवडत नसे, पण काचेतून बघायला रस्त्यावर गर्दी जमे. तेव्हा दोन गोष्टी तपासा: चित्राच्या चारी बाजूंनी पत्र्याचा दाब कागदात रुतलेला हाताला लागतो का, आणि भिंगाखाली रंग सलग दिसतो की बारीक ठिपक्यांचा. ठिपके म्हणजे पुढच्या काळातली यांत्रिक छपाई.

बाइंडर_कणकवली:
चौकट उघडताना कागद काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर मऊ ब्रशने हलकेच झटका. मागचा पुठ्ठा बदला, जुना आंबट (आम्ल असलेला) पुठ्ठाच कागद पिवळा करतो. आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका, माजघरातली आतली भिंत बरी.

हर्णैची_लेक:
मास्तर, काल शेजारच्या घड्याळवाल्या काकांचं भिंग आणलं. ठिपके दिसले. दाबाची खूणही नाही. थोडं वाईट वाटलं. मग आईला त्रिशूळ दाखवला, कुठला तुकडा कोणाचा ते सांगितलं. ती बराच वेळ भिंग धरून बसली होती. पुठ्ठा बदलून माजघरात लावतेय, पणजोबांच्या फोटोशेजारी.