नाताळच्या भेटीसाठी घरचा केक आणि बिस्किटे किती आधी करावीत?

प्रश्न: यंदा नाताळला आप्तेष्टांना घरी केलेला फ्रूट केक आणि लोण्याची बिस्किटे द्यायची माझी मनापासून इच्छा आहे, परंतु गेल्या वर्षी डबा उघडला तेव्हा बिस्किटे मऊ पडलेली होती. काय चुकले असावे?

उत्तर १: बिस्किटे केकच्याच डब्यात ठेवली होती का? केकमधला ओलावा कोरडी बिस्किटे शोषून घेतात, म्हणून दोन्हींचे डबे वेगळेच हवेत. शिवाय बिस्किटे कोमट असताना झाकण लावले, तर आत वाफेचे थेंब साचतात. ती शेवटच्या आठवड्यात करावीत. फ्रूट केक मात्र ४ ते ६ आठवडे आधी करावा. रममध्ये भिजवलेला सुकामेवा घालून केलेला केक बटर पेपरात गुंडाळून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा बारीक सळईने भोके पाडून त्यावर चमचाभर रम सोडावी, म्हणजे कापताना चुरा न पडता दाट, ओलसर काप निघतो.

प्रश्नकर्ती: होय, डबा एकच होता! रम टाळायची असल्यास काय करावे?

उत्तर २: सुकामेवा संत्र्याच्या रसात भिजवावा, मात्र असा केक इतका टिकत नाही, म्हणून तो देण्याच्या दोन-तीन दिवसच आधी करावा. डब्यावर अंडी, गहू, दूध व सुकामेवा यांची नोंद असलेली चिठ्ठी आवर्जून लावा. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे आपल्याला नेहमीच ठाऊक नसते.