चित्र नुसतं "वापरायला" द्यावं का? बडोदेकरांनो बोला

मांडवीची_खिडकी: माझी मामेबहीण चित्रकार आहे, गेलं वर्षभर बडोद्यातले जुने वाडे रंगवतेय. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं कशी विरत चाललीयत ना, ते विरणंच तिने कॅनव्हासवर आणलंय, म्हणजे ॲक्रिलिकचा पातळ थर द्यायचा, ओला असतानाच फडक्याने पुसायचा, परत द्यायचा, परत पुसायचा... मला तरी तिचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम वाटतं. आता एक हॉटेलवाला म्हणतो दोन चित्रं सहा महिने भिंतीला लावायला द्या आणि एक मेनूकार्डावर छापतो, पैसे नाहीत पण "ताई, नाव तुमचंच होईल". माझं मत, अजिबात देऊ नये.

शेवउसळ_जास्त_तर्री: का पण? पलंगाखाली गुंडाळून ठेवण्यापेक्षा चार लोकांनी बघितलेलं बरं. रविवर्मांची चित्रं राजवाड्यातच राहिली असती तर आपल्या आज्यांच्या देवघरात ती लक्ष्मी कुठून आली असती?

मांडवीची_खिडकी: अहो, ती फुकट वाटली नव्हती! सयाजीराव महाराजांनी पैसे मोजून चित्रं करून घेतली आणि छापायला रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईला स्वतःचा छापखाना काढला.

शेवउसळ_जास्त_तर्री: आणि तो परवडेना म्हणून शेवटी एका जर्मन माणसाला विकला, हे पण सांगा की. चित्रं मात्र घराघरात गेली.

कोर्टाची_पायरी: भांडा, पण भिंतीला लावणं वेगळं आणि छापणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र विकलं तरी छापायचा हक्क आपोआप जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. म्हणजे मोघम दोन ओळींवर सही केलीत तर बसा बघत. कुणी पैसे देऊन ऑर्डरीने काढून घेतलेलं चित्र असेल तर उलटं, वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क ऑर्डर देणाऱ्याचा.

ओला_कॅनव्हास: भिंतीचं पण सांभाळा हं. मी एका दुकानात चित्र दिलेलं, वर एसी गळत होता, परत आलं तेव्हा मागून बुरशी. देताना फोटोच काढले नव्हते, भांडणार कशावर? मागची बाजू, कोपरे, फ्रेम, सगळ्याचे फोटो काढून त्यांची सही घ्या.

शेवउसळ_जास्त_तर्री: माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. एवढं सह्याबिह्यांचं लफडं असेल तर मी दोनशे रुपयांचं पोस्टर लावीन, संपला विषय. आणि भिंत माझी, लाइट माझी, त्याचं भाडं कोण धरतं?

मांडवीची_खिडकी: बहिणीला हे सगळं दाखवलं. म्हणाली एकच चित्र देते, तीन महिने, लेखी करून, आणि मेनूकार्ड नको, चटणीचे डाग पडतात. तसं कळवलं तर कालपासून हॉटेलवाला फोनच उचलत नाहीये.

शेवउसळ_जास्त_तर्री: घ्या! बरं तिला सांगा माझ्याकडे एक भिंत रिकामी आहे. भाडं मिळणार नाही, पण एसी पण नाहीये.