मलावीला मिशन हॉस्पिटलात जायचंय, पण पैसे मागायला तोंड उघडत नाही

ऑटोक्लेव्हवाला (नागपूर)

सर्वांना सलाम.

आम्ही दोघं नागपूरचे. बायको जीएनएम नर्स आहे, अकरा वर्षं लेबर रूममध्ये काढलीत. मी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करतो. ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेनं निर्जंतुक करणारं), सक्शन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं), आणि मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांचे कूलर. मुलगी सात वर्षांची आहे. पुढच्या वर्षी आफ्रिकेत, उत्तर मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलात तीन वर्षांसाठी जायचं ठरून राहिलंय. तिकडे राहायला घर मिळेल, पगार नाही. म्हणजे खाणंपिणं, मुलीची शाळा, विमा, तिकिटं, आणि इथे माझ्या आईची औषधं, हे सगळं आपल्या माणसांच्या भरवशावर.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कसं झालं, असं सगळे विचारतात. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी तिथून व्हिडिओ कॉल केला आणि स्टोअररूम दाखवली. अकरा कॉन्सन्ट्रेटर एकावर एक रचलेले. भेट म्हणून आलेले, बंद पडलेले. म्हटलं, एकाचं मागचं झाकण काढा. काढलं तर फिल्टर तांबड्या मातीनं असा भरलेला, की पायपुसणं वाटावं. हवाच आत जात नव्हती. धुऊन, वाळवून लावायला सांगितलं. त्या रात्री फोनवरून तीन चालू झाले. बाकीच्यांत झिओलाइटला, म्हणजे हवेतला नायट्रोजन अडवणाऱ्या दाण्यांना, दमट हवा लागलेली. ते दाणे एकदा ओल धरून बसले की नायट्रोजन अडवत नाहीत, मशीन घरघर करतं पण नळीतून नुसती हवा येते. ते काही फोनवरून होण्यातलं नव्हतं. बायको मागे भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "बाळंतपणही फोनवरून होत नाही." बस, एवढंच झालं.

आता खरी अडचण. मागच्या रविवारी भक्तीनंतर पाळकसाहेबांनी आम्हाला पाच मिनिटं दिली. मी हॉस्पिटल सांगितलं, मलेरिया सांगितला, रस्ते सांगितले. पैशाच्या कागदावर आलो आणि घशाला कोरड पडली. "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणालो आणि बसलो. स्कूटरवर कडबी चौकापर्यंत बायको गप्प. मग म्हणाली, "प्रार्थना ते करतीलच. खर्चाचं कोण बोलणार होतं?"

महिन्याला ₹72,000 लागतील असा हिशोब बसतो. आतापर्यंत 44 घरांनी मिळून ₹31,500 चं वचन दिलंय. काहींनी तिथंच मोबाईल काढून माझ्या क्यूआरवर पैसे टाकले. लोकांकडे धुणंभांडी करणाऱ्या एका मावशींनी महिन्याला ₹200 लिहून दिलेत. तो कागद मी अजून खिशातून काढलेला नाही. काढवत नाही.

आणि सासरे. त्यांचं म्हणणं, "माझे आजोबा मिशनच्या पावडर दुधासाठी रांगेत उभे राहायचे. तीन पिढ्यांनी ती रांग सोडली. तुम्ही परत वाडगं घेऊन उभे राहता?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

वन बीएचके विकून जावं का, म्हणजे कोणाकडे मागायलाच नको? की मागायची काही रीत असते? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.

---

जुना खजिनदार

बेटा, आधी तो क्यूआर काढ. आज, आत्ता.

कारण सांगतो. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ₹50,000 च्या वर भेट आली, की वरचीच नाही, सगळीच रक्कम तुझं उत्पन्न धरली जाते. तू ते पैसे मलावीत विषमज्वराच्या औषधाला घातलेस की समोसे खाल्लेस, आयकर खातं विचारत नाही. आणि देणाऱ्याला देणगीवरची करसवलतही नाही, कारण तू माणूस आहेस, संस्था नाहीस.

दुसरं. पास्टरेटचा, म्हणजे आपल्या मंडळीचा, ट्रस्ट तुझ्या नावे गोळा करून तिकडे पाठवू शकेल असं कोणी सांगितलं असेल तर थांब. ट्रस्टनं भारताबाहेर केलेल्या खर्चाला करमाफी हवी तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. त्यामुळे बाहेर माणसं पाठवायची सवय असलेल्या एखाद्या भारतीय मिशनरी संस्थेमार्फत जा आणि चांगला सीए गाठ. त्याची फी वाचवू नकोस.

तुमचा कोणी कॅनडातला भाऊ मदत करीन म्हणत असेल, तर त्याचा पासपोर्ट कोणता ते विचार. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी देणगीदार, मग ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळतं ते) दाखवून उपयोग नाही. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, पाहिजेच.

आपल्या खिशातून बाहेर पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. आपल्या थैलीची ताकद पाहता ती मर्यादा आपण ओलांडू असं मला वाटत नाही.

हे सगळं एवढं खडसून सांगतोय त्यामागे एक जखम आहे. माझ्या खजिनदारीच्या काळात एका संस्थेची माणसं आली. स्लाईड दाखवल्या, बायकांनी कानातलं काढून थैलीत टाकलं. पुढे ना पत्र, ना हिशोब. पुढची कित्येक वर्षं मी हंगामाच्या सणाला भोपळ्याचा लिलाव पुकारला तरी लोक पावती मागायचे. त्या भोपळ्याची पावती मी फाडली आहे. त्यामुळे तू दर तिमाहीला एक पान हिशोब चर्चच्या फळ्यावर लाव. आलेला आकडा, गेलेला आकडा, खाली बायकोचीही सही.

---

बर्डीचा भाऊ

भाऊ, राग नको मानू, पण काहून इतल्या दूर जाऊन राह्यला? मेळघाट हाये, गडचिरोली हाये. तिथं नर्स भेटत नाही, मशीन तर दूरच. बसनं जा, शनवारी घरी ये. मलावीले जायाचं तिकीट जेवढ्याचं, तेवढ्यात इथं एक जुनी ॲम्ब्युलन्स हुते. अन् आपल्या नागपुरातून आफ्रिकेत मिशनरी म्हणून कोणी गेल्याचं मी तं ऐकलं नाही. गोरे साहेब इकडे येत, हेच पाहत आलो.

अन् माह्या कूलरचं काय?

---

जुना खजिनदार

बर्डीच्या भावाचा पहिला मुद्दा खोडायचा नाही. मेळघाट आहेच, आणि ज्याला तिकडे जायचं त्यालाही मी हेच पैशाचे नियम सांगीन. पण "कोणी गेलं नाही" हे नागपूरपुरतं खरं असेल, महाराष्ट्रापुरतं नाही.

नाशिकला शरणपूर आहे ना, तिथे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. त्यातली काही मुलं पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी प्रवाशाच्या सोबतीला गेली. जेकब वेनराइट त्यातलाच. 1873 साली लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब होता. आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही हजर होता. शिकला कुठे? नाशकात.

आता मलावी. आपल्याकडे नागपुरात 1845 मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून. 1863 मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून गेले, पुढे 1883 मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं. त्याच फ्री चर्चनं 1875 मध्ये मलावीत लिव्हिंग्स्टोनिया मिशन सुरू केलं. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं. तीस वर्षांनी थोरलं असलेलं धाकट्याच्या घरी पाणी प्यायलाही गेल्याचं मी ऐकलेलं नाही. तुझ्या सासऱ्यांना हे सांगून बघ. उपयोग होईल असं नाही म्हणत.

---

ओटी सिस्टर

मी आणि माझे मिस्टर शेजारच्या झांबियात पाच वर्षं होतो. आता कामठी रोडला राहतो. एकेक सांगते, जसं आठवेल तसं.

घर विकू नका. भाड्यानं द्या. परत आल्यावर मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल, तुम्ही बेकार असाल, आणि नागपूरचे भाव तुमच्यासाठी थांबलेले नसतील. विकून गेलेल्या माणसाला परत यायची लाज वाटते. आजारी पडला तरी येत नाही. मी पाहिलंय.

वचनं गळतात. आम्ही निघालो तेव्हा 50 घरं होती, दुसऱ्या वर्षाच्या नाताळाला 32 उरली. कोणी वाईट नव्हतं. कोणाची बदली झाली, कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणी विसरलं. म्हणून ₹72,000 लागत असतील तर ₹72,000 वर थांबू नका. आणि बँकेची ठरलेली तारीख लावून घ्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची. महिनाअखेरीची लावली तर काहीच येत नाही.

तिकडच्या चलनात पैसे साठवू नका. मलावीच्या क्वाचाचा भाव नोव्हेंबर 2023 मध्ये एका दिवसात डॉलरला 1,180 वरून 1,700 वर नेला तिथल्या रिझर्व्ह बँकेनं. ज्यांनी वर्षाची फी बदलून ठेवली होती त्यांचं काय झालं असेल.

सिस्टरची नोंदणी आत्ताच सुरू करा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी, मग तिकडच्या कौन्सिलची नोंदणी. माझे सात महिने नुसते कागदांत गेले, तोवर मी तिथे कापूस गुंडाळत बसले होते. अदिस अबाबावरून विमान बदलणार असाल तर पिवळ्या तापाची लस घेऊनच ठेवा, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. कार्ड जन्मभर चालतं, पण हरवू नका. परतताना इथल्या विमानतळावरही विचारू शकतात.

खाण्याची काळजी करू नका. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. हातानं गोळा करून भाजीला लावून खातात. वऱ्हाडी माणसाला चार दिवसांत जमतो. तिखट मात्र इथून न्या.

आता मागण्याबद्दल. भाऊ, तुम्ही बोलू नका. सिस्टरला बोलू द्या. तुम्हाला यंत्रं बोलतात, माणसांसमोर पैसा म्हटलं की तुम्ही पाठ फिरवता, हे तुमच्या लिहिण्यातूनच दिसतं. अकरा वर्षं जिनं बाळंतिणीला "जोर लाव" म्हणून ओरडलंय तिला "महिन्याला ₹500 द्या" म्हणायला काय लागतं?

आणि त्या मावशींचा कागद. मिझोरममध्ये बायका 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात, चर्चसाठी. तो तांदूळ गोळा करून विकतात, त्यातून तिथली मंडळी आपले मिशनरी बाहेर पाठवते. मूठ काढणारी कोणी श्रीमंत नसते. तुम्ही कागद खिशात ठेवून मावशींना काय सांगताय, की तुमचे पैसे लहान आहेत? त्यांना इतरांसारखीच पावती द्या. सासऱ्यांच्या वाडग्याचं उत्तरही मला यातच दिसतं. रांगेत उभं राहणारा घेतो. मावशी रांगेत नाहीत, त्या वाढून राहिल्यात. हे तुमच्याच घरातलं कोणीतरी सासऱ्यांना सांगावं, जावयानं नव्हे.

---

ऑटोक्लेव्हवाला (नागपूर)

उशीर झाला, क्षमा असावी. तीन आठवड्यांत बरंच झालं.

क्यूआर काढला. आलेले ₹9,400 ज्याचे त्याला परत केले. दोघांना वाटलं मी रुसलो, त्यांच्या घरी चहा घ्यावा लागला. सीए म्हणाले खजिनदार काका बरोबर आहेत. एका संस्थेशी बोलणी चालू आहेत, देणग्या तिच्या नावे, पावती तिची. ती नक्की होईपर्यंत कोणाकडून एक रुपया घेत नाही. नर्सिंग कौन्सिलचा अर्ज गेला.

रविवारी बायको बोलली. कागद नव्हता हातात. म्हणाली, "₹72,000 लागतात, ₹31,500 झालेत, राहिलेले ₹40,500 कसे होणार ते तुम्ही सांगा, मला गणित येत नाही." लोक हसले. मग महिला मंडळाच्या काकू उठल्या आणि बाकाबाकावरून विचारत फिरल्या. वचनांचा आकडा ₹58,000 वर गेलाय. काका, लिलाव पुकारणारा माणूस तुमच्यानंतर मंडळीला मिळाला म्हणायचा.

मावशींकडे आम्ही दोघं गेलो. कागद परत द्यायला नाही, पावती संस्थेची येईल हे सांगायला. त्यांनी विचारलं, "नाव पूर्ण लिहाल ना? नुसतं मावशी नका लिहू." पूर्ण नाव लिहून घेतलं. नावात दोनदा दुरुस्ती केली त्यांनी.

बर्डीच्या भाऊ, कूलरचा पंप शनिवारी बघतो. मेळघाटचं तुमचं खरं आहे. त्यावर वाद घालणार नाही.

सासरे अजून माझ्याशी बोलत नाहीत. नाशिकच्या जेकबची गोष्ट बायकोनं जेवताना सांगितली, तर म्हणाले, "त्याला पगार होता का?" काल मात्र महिला मंडळाच्या वचनांची छापील कार्डं टेबलावर पडली होती. उचलून पाहिली, अंगठ्यानं कागद चोळला आणि तिला विचारलं, शेकडा कितीला पडली? तिनं सांगितलं. म्हणाले, लुटलं तुम्हाला, गड्डीगोदामात माझ्या ओळखीचा आहे, पुढची मी आणतो.